मंद आचेवरचा क्रेओल डोब आणि आईचा बाटली मसाला

सुकेळी

गेल्या रविवारी केलेल्या डोबबद्दल, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या क्रेओल पद्धतीने वाईनमध्ये मंद शिजवलेल्या मांसाबद्दल, दुसऱ्या धाग्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या, तेव्हा तिघाचौघांनी सविस्तर कृती मागितली. म्हणून हा वेगळा धागा. लांबणार आहे, कारण या पदार्थात घटक थोडे आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मी मूळची वसईची. आईचं माहेर गोराईचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती. गेली अकरा वर्षं न्यू ऑर्लिन्सला आहे. बीफ हे आमच्याकडे लहानपणापासूनचं रविवारचं जेवण. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी बकऱ्याच्या मटणाने करावं. पद्धत तीच राहते, वेळ बदलते.

डोब मूळचा दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा. जून, चिवट मांस, वाईन, लसूण, सुगंधी पानं, आणि झाकण लावून तासन्‌तास मंद आच. फ्रेंचांनी १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसवलं तेव्हा तो इकडे आला. पुढे इथे स्पॅनिश अंमल आला, १८०३ मध्ये अमेरिकेने हा सगळा मुलूख विकत घेतला, आणि या साऱ्या काळात चुलीपाशी राबणारे हात बहुतेक आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे होते. पदार्थाला आजची चव त्यांनी दिली, हे इथली जुनी घरं अभिमानाने सांगतात आणि ते सांगितलंच पाहिजे. फ्रेंच फोडणीतलं गाजर गेलं, त्या जागी ढोबळी मिरची आली. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची ही इथली त्रयी; तिला ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात आणि तिच्याशिवाय क्रेओल स्वयंपाक सुरूच होत नाही. टोमॅटो आला, लाल तिखट आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून लोक आले, तेव्हापासून डोब स्पॅगेटीवरही वाढतात.

मला हा पदार्थ शेजारच्या आजींनी शिकवला. ऐंशीच्या पुढच्या, सेव्हन्थ वॉर्डातल्या जुन्या क्रेओल घरातल्या. मी नवीन होते, एका दुपारी त्यांच्या जाळीच्या दारातून वास आला आणि माझे पाय तिथेच थांबले. तो वास मी ओळखत होते. आईच्या इंदयालाचा नव्हता, पण त्याच्या सख्ख्या बहिणीचा होता.

पुढे लक्षात आलं की हे नातं खरंच आहे. पोर्तुगीज लोक मांस वाईन आणि लसणात मुरवायचे. ती रीत आपल्या किनाऱ्यावर आली, वाईनच्या जागी ताडी-माडीचा विनेगर आला, मिरची आली, आणि गोव्यात त्याचं विंदालू झालं, आमच्याकडे इंदयाल. वसई तर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होती. इकडे लुइझियानात, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या राज्यात, वाईन टिकली. मूळ विचार एकच: आंबट, लसूण, चिवट मांस आणि वेळ. ‘क्रेओल’ हा शब्दसुद्धा स्पॅनिश-पोर्तुगीज ‘क्रिओलो’, ‘क्रिओउलो’ वरून आलेला. वसाहतीच्या मातीत जन्मलेला, असा त्याचा अर्थ.

म्हणून मी डोबमध्ये आईचा बाटली मसाला घालते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आमच्याकडे वर्षाचा मसाला कुटतात. मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, गरम मसाल्याचे बरेच जिन्नस, आणि भाजलेले गहू व चणे. कुटून झाला की तपकिरी बिअरच्या बाटल्यांत दाबून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही. त्यातले गहू आणि चणे रस्सा दाट करतात. क्रेओल स्वयंपाकात तेच काम तेलात भाजलेलं पीठ करतं, त्याला इथे ‘रू’ म्हणतात. हे जुळलं तेव्हा मला कळलं की मसाला कुठे घालायचा: जिथे पीठ आहे तिथे.

आता कृती. सहा जणांना पुरते.

मांस दीड किलो, खांद्याचं, म्हणजे इथलं ‘चक’. पांढऱ्या शिरा आणि चरबीचे पट्टे दिसले पाहिजेत. मोठे तुकडे ठेवा, निदान पाच सेंटिमीटरचे. लहान केले तर शेवटी नुसता चोथा उरतो. आदल्या रात्री मांसाच्या वजनाच्या दीड टक्का मीठ, म्हणजे साधारण २२ ग्रॅम, चोळून फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. सकाळी पृष्ठभाग कोरडा होतो आणि खरपूस परतायला सोपं जातं. आजी मांस अख्खं ठेवतात, त्याला सुरीने भोकं पाडून लसूण, तिखट आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे आत खुपसतात. मी फक्त लसूण खुपसते.

जाड बुडाचं बिडाचं पातेलं घ्या. तीन चमचे तेलात तुकडे थोडे थोडे करून परता. एकदम सगळे टाकले की पाणी सुटतं आणि मांस परतण्याऐवजी उकडतं. प्रत्येक बाजूला चांगला तपकिरी रंग येईपर्यंत हलवू नका. यात वीस मिनिटं जातात, ती जाऊ द्या. बुडाला जी खरवड धरते तिच्यात पुढची अर्धी चव आहे. तुकडे काढून घ्या.

त्याच पातेल्यात दोन चमचे तेल आणखी घाला, दोन मोठे चमचे मैदा घालून मध्यम आचेवर बदामी रंगाच्या पुढे, शेंगदाण्याच्या कुटासारखा होईपर्यंत भाजा. मग बारीक चिरलेले तीन कांदे, सेलरीचे तीन दांडे, एक मोठी ढोबळी मिरची. कांदा पूर्ण मऊ होईस्तोवर थांबा. मग दहा लसूण पाकळ्या ठेचून, दीड चमचा बाटली मसाला, दोन चमचे टोमॅटोची पेस्ट. पेस्टचा रंग विटकरी झाला की दोन कप लाल, कोरडी वाईन घालून खरवड लाकडी उलथन्याने सोडवून घ्या. वाईन निम्मी आटली की ४०० ग्रॅम ठेचलेले टोमॅटो, दोन कप हाडांचा स्टॉक, थाइमच्या चार काड्या, चार लवंगा, लॉरेलची दोन पानं. इथे आपलं तमालपत्र घालू नका. ते दालचिनीच्या भावंडाचं पान आहे, त्यावर तीन लांब शिरा असतात. लॉरेलच्या पानाला मधे एकच शीर असते आणि वास पूर्ण वेगळा.

मांस परत आत. रस्सा तुकड्यांच्या पाऊण उंचीपर्यंत यावा, बुडतील इतका नको. झाकण किंचित सरकवून १४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये सव्वातीन ते साडेतीन तास. मधे एकदा तुकडे उलटा. शेवटी एक चमचा माडाचा विनेगर आणि एक लहान चमचा उसाची काकवी. आच बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी खा.

मापुसेकर

सुकेळीबाय, वाचताना तोंडाला पाणी सुटलं. गोव्यात आम्ही बीफ रोस्ट करतो तेव्हाही विनेगर असतोच, पण आमचा विनेगर सुरुवातीला मांसाला लावतात. तू शेवटी का घालतेस? आणि काकवीच्या जागी माडाचा गूळ चालेल ना?

सुकेळी

माडाचा गूळ उत्तमच. विनेगर दोन्हीकडे घालून पाहिला. सुरुवातीला घातला तर वाईन, टोमॅटो आणि विनेगर असं तीन प्रकारचं आंबट तीन तास शिजून एकमेकांत हरवतं, आणि विनेगरचा तो नाकाला जाणवणारा सुवास उडून जातो. इंदयालात वाईन नसते, तिथे विनेगर सुरुवातीलाच हवा. इथे मुख्य आंबटपणा वाईनचा, विनेगर फक्त शेवटी जाग आणायला.

खडीसाखर

ताई, मला त्या ‘रू’ची फार भीती वाटते. दोनदा केला, दोन्ही वेळा जळला. यूट्यूबवर काळाभोर, चॉकलेटसारखा दाखवतात. तितका हवा का?

सुकेळी

नको. डोबला नको. चॉकलेटी रू गंबोसाठी, म्हणजे इथल्या पातळसर रश्श्यासाठी. पीठ जितकं जास्त भाजाल तितका त्याचा खमंगपणा वाढतो, पण दाटपणा आणायची ताकद कमी होते, कारण त्यातला स्टार्च तुटत जातो. म्हणून गंबोत गडद रू पुष्कळ लागतो आणि तरी तो पातळ राहतो. डोबला दाटपणा हवा, म्हणून शेंगदाण्याच्या रंगावर थांबायचं. मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं.

तू बेसनाचे लाडू करतेस ना? तोच हात. बेसन भाजताना आपण कढईपासून हलत नाही, वास बदलला की कळतं, आणि आच वाढवून वेळ वाचवायचा मोह टाळतो. इथे तसंच. काळे ठिपके दिसले तर ते सगळं टाकून नव्याने कर. कितीही टोमॅटो घातला तरी तो कडवटपणा जात नाही. मी पहिल्या वर्षी तसाच पुढे रेटला होता, एवढ्या मांसाचं वाटोळं झालं.

आणि एक सोपी युक्ती, आजींची. त्रयी आधीच चिरून पातेल्याशेजारी ठेवायची. रंग आला की लगेच टाकायची. कांद्याच्या पाण्याने तापमान खाली येतं आणि पिठाचं भाजणं तिथेच थांबतं. बाटली मसाला त्याच्यानंतर. तापलेल्या पिठात मिरचीची पूड टाकली तर ती क्षणात जळते.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा, सध्या दुबईत. आमच्याकडे वाईन चालत नाही, पण पदार्थ करून पाहायचा आहे. निहारी आमच्या घरी रात्रभर शिजते, बोंगाची, म्हणजे नळीच्या मांसाची. तुमचं वर्णन वाचून तीच आठवली; निहारीतसुद्धा शेवटी भाजलेलं पीठच लावतात. वाईनच्या जागी काय घालू? आणि बोंग चालेल का?

सुकेळी

दर्यावर्दीभाई, बोंग चालेल असं नाही, बोंग सर्वांत उत्तम. रस्सा ओठांना चिकटेल असा होतो. फक्त पाऊण-एक तास जास्त धरा.

वाईनऐवजी मी एकदा पाहुण्यांसाठी असं केलं होतं: एक कप बिनसाखरेचा डाळिंबाचा रस निम्मा आटवून घेतला, एक कप जास्तीचा स्टॉक, आणि दीड चमचा विनेगर. वाईन जे तीन गुण देते, आंबट, फळाचा वास आणि जिभेवरचा तुरटपणा, ते तिन्ही डाळिंबात आहेत. चिंच घालू नका. छान लागेल, पण मग ते आपलं चिंचेचं सांबारं होईल, डोब राहणार नाही.

निहारीच्या पिठाबद्दल तुम्ही लिहिलंत ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भाजलेलं पीठ तिकडेही आहे, फक्त शेवटी.

रसायनी

थोडं शास्त्र लिहितो, कारण ‘शिजवत राहिलो तरी कडकच’ ही तक्रार इथे नक्की येणार.

मांसात दोन वेगळ्या गोष्टी शिजतात आणि त्यांचा स्वभाव उलटा आहे. स्नायूंचे तंतू ६० अंशांच्या पुढे आकसायला लागतात आणि पाणी बाहेर टाकतात. त्या तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन मात्र साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि ८५ ते ९५ अंशांवर त्याला वेग येतो. त्यामुळे सव्वा-दीड तासाने तुकडा काढून पाहिलात तर तो सर्वांत कडक असतो: पाणी गेलेलं आहे, कोलॅजेन अजून सुटलेलं नाही. इथेच लोक घाबरतात, आच वाढवतात, पाणी ओततात. काही करू नका. पुढच्या दीड-दोन तासांत जिलेटिन सुटतं, तंतू एकमेकांपासून मोकळे होतात आणि तोच तुकडा मऊ लागतो.

दुसरं: मांस परतल्याने ‘रस आत कोंडला जातो’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं नाही. परतलेल्या मांसातूनही तेवढंच पाणी सुटतं. परतायचं ते रंगासाठी आणि चवीसाठी. ती क्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते आणि ओल्या पृष्ठभागावर तापमान १००च्या वर जातच नाही, म्हणून सुकेळी यांचा रात्रभर कोरडं करण्याचा सल्ला अगदी योग्य आहे.

तिसरं: कांदा मऊ झाल्याशिवाय टोमॅटो-वाईन घालू नका. आंबटात भाजीच्या पेशींच्या भिंती टणक राहतात. मग तीन तासांनीही कांद्याचे तुकडे दाताखाली येतात.

चांदणी

डेन्व्हरहून. इथे उंचीमुळे पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळतं, त्यामुळे माझं सगळं मांस तासभर उशिरा शिजतं. मी कुकर वापरते. कुणी कुकरमध्ये डोब केलाय का?

रसायनी

कुकरमध्ये आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे खांद्याचे मोठे तुकडे पाऊण तास ते पन्नास मिनिटांत मऊ होतात. वाफ आपोआप उतरू द्या. झटकन सोडली तर आतला रस एकदम उकळतो आणि तुकडे बाहेरून उसवतात.

सुकेळी

चांदणी, मी कामाच्या दिवशी करते कुकरमध्ये. पण दोन बदल. कुकरमध्ये काही आटत नाही, म्हणून स्टॉक दोन कपांऐवजी एकच. आणि झाकण उघडल्यावर तुकडे बाजूला काढून रस्सा उघड्यावर पंधरा मिनिटं आटवायचा. ओव्हनमध्ये रश्श्याच्या वर आलेला मांसाचा भाग तीन तास हळूहळू भाजला जातो, त्याचा रंग आणि वास कुकरला येत नाही. मऊपणा पूर्ण येतो. रविवारी मात्र ओव्हनच.

भाकरतुकडा

गंबो आणि डोब यात गोंधळ होतोय माझा. आणि केजन म्हणजेच क्रेओल ना? गंबोत भेंडी असते असं ऐकलंय, मग यात का नाही?

सुकेळी

हा प्रश्न विचारलास ते बरं केलंस, इथे राहणाऱ्यांचाही गोंधळ असतो.

केजन हे मूळचे अकेडियन, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागातले फ्रेंच भाषक. ब्रिटिशांनी १७५५ पासून त्यांना तिथून हाकललं, त्यातले बरेच शेवटी लुइझियानाच्या पाणथळ प्रदेशात येऊन वसले. त्यांचं जेवण खेड्यातलं, एका भांड्यातलं, गडद रूचं. क्रेओल जेवण शहरातलं; त्यात बंदरावर आलेल्या प्रत्येकाचा वाटा आहे, टोमॅटो आणि लोणीही सढळ असतं. आता दोन्ही खूप मिसळलंय, तरी गंबोत टोमॅटो घालावा की नाही यावर घरोघरी मतं ठाम आहेत.

गंबो हे सूप आणि रस्सा यांच्या मधलं. नावच भेंडीवरून आलं असं मानतात. मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांत भेंडीला ‘किंगोम्बो’सारखे शब्द आहेत. भेंडी नसेल तेव्हा सासाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड घालतात, ती चोक्टॉ या इथल्या मूळ लोकांची देणगी. ती पूड आच बंद केल्यावरच घालायची, उकळली की तार धरते. डोबला यातलं काही लागत नाही. डोबचा दाटपणा मांसातूनच आला पाहिजे, पीठ फक्त मदतीला.

तुला इथल्या स्वयंपाकाबद्दल आणखी जाणून घ्यायचं असेल तर लीया चेस यांच्याबद्दल वाच. ट्रेमे भागातल्या डूकी चेस उपाहारगृहाच्या त्या अन्नपूर्णा. १९२३ चा जन्म, २०१९ मध्ये गेल्या. नव्वदी उलटली तरी त्या स्वयंपाकघरात उभ्या असायच्या. नागरी हक्कांच्या चळवळीतली माणसं, गोरी आणि काळी, एकत्र बसणं बेकायदा होतं त्या काळात त्यांच्या माडीवर बसून गंबो खात बैठका घ्यायची. इथे लोक त्यांचं नाव घेतात तेव्हा आवाज बदलतो.

पापडीचा

सुकेळी, मी वसईतच आहे, पापडीला. आपल्याकडे २०१५ पासून बैलाचंही बंद, त्यामुळे म्हशीचं मांस घेऊन काल केला. बाटली मसाला घरचाच. सांगण्यासारखं असं:

म्हशीचं मांस रंगाने गडद, चरबी कमी. साडेतीन तासांत झालं नाही, पावणेपाच तास लागले. चरबी कमी म्हणून रस्सा थोडा रुक्ष वाटला, तेव्हा कसायाकडून नळीची दोन हाडं आणून मधेच टाकली, त्यांच्या मगजाने फरक पडला. पुढच्या वेळी सुरुवातीलाच टाकीन. ओव्हन नाही, म्हणून बिडाचं पातेलं तव्यावर ठेवून गॅस अगदी बारीक केला. सेलरी मिळाली नाही, कोथिंबिरीचे जाड देठ घातले. वाईन नाशिकची.

घरात आईने पहिला घास घेतला आणि विचारलं, लग्नाच्या जेवणातलं कुणाकडून शिकलास. सोबत फुगिया केल्या होत्या. त्या रश्श्यात बुडवून खाताना कुणी बोलत नव्हतं.

सुकेळी

फुगिया! पापडीचा, तू माझं मन दुखवलंस आणि सुखावलंस दोन्ही. इथे मी भात नाहीतर फ्रेंच पाव खाते. नारळाचं दूध घातलेल्या पिठाची ती फुगलेली, किंचित गोडसर फुगिया आणि हा रस्सा, याचा विचारच केला नव्हता. या आठवड्यात करणार.

नळीच्या हाडांची युक्ती सर्वांनी टिपून ठेवा. आणि तव्यावर पातेलं ठेवायचीही.

अवनी

आमच्याकडे बीफ नाही. मटणाचं प्रमाण सांगाल का? आणि बाटली मसाला कोल्हापुरात कुठून आणू?

सुकेळी

अवनी, मटण खांद्याचं आणि मानेचं, हाडांसकट, दीड किलो. ओव्हनमध्ये दोन ते सव्वादोन तास पुरे, बोकड जून असेल तर अडीच. वाईन दीड कपच घाल, मटणाचा स्वतःचा वास जपला पाहिजे. लवंगा दोन.

बाटली मसाल्याला पूर्ण पर्याय नाही, पण जवळ जायचं असेल तर: दोन चमचे काश्मिरी मिरची पूड, एक चमचा धणेपूड, पाव चमचा हळद, एक चमचा भाजलेले तीळ आणि अर्धा चमचा खसखस कुटून, चिमूटभर जायपत्री, दालचिनीचा छोटा तुकडा, आणि एक चमचा गव्हाचं पीठ कोरडंच खमंग भाजून. हे सगळं मिळून दीड-दोन चमचे वापर. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला घालू नकोस. तो मला फार आवडतो, पण त्यातलं सुकं खोबरं आणि तिखट या रश्श्यावर स्वार होतं.

तयार क्रेओल मसाल्याच्या डब्यांबद्दलही इथेच सांगते. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत मीठ हा पहिला घटक असतो. मांसाला आधी मीठ लावलेलं असताना तो डबा वापरला तर पदार्थ खारट होणारच. माझा एक अख्खा ख्रिसमसचा डोब असा गेला, आठ पाहुणे बसलेले असताना. तेव्हापासून लाल तिखट, थाइम, मिरी, लसूण वेगवेगळे घालते.

खडीसाखर

केला! रू जळला नाही! बेसनाच्या लाडवांचं लक्षात ठेवलं आणि वासावरच थांबले. रस्सा अप्रतिम. पण मांस... मऊ झालं, तरी कोरडं लागलं, भुसभुशीत. चार तास दिला होता. मी मागच्या मांडीचा छान लाल, एकही चरबीची रेघ नसलेला तुकडा घेतला होता, महाग होता.

रसायनी

तिथेच चूक झाली. त्या तुकड्यात कोलॅजेन आणि चरबी दोन्ही फार कमी. पाणी गेल्यावर तंतूंना ओलावा द्यायला मागे काहीच उरलं नाही. अशा तुकड्याला जितका वेळ जास्त द्याल तितका तो कोरडा होईल. स्वस्त, शिरांचा, चिकट तुकडा घ्या.

सुकेळी

खडीसाखर, वाईट वाटून घेऊ नकोस, रू जमला ही मोठी गोष्ट. उरलेलं मांस फेकू नकोस. काट्याने तंतू मोकळे कर, रश्श्यातच आटव, आणि उकडलेल्या स्पॅगेटीवर घाल. रस्सा तंतूंच्या मधे शिरला की कोरडेपणा जाणवत नाही.

मापुसेकर

माझाही झाला, दोन दिवसांपूर्वी. माडाचा गूळ घातला. उरलेला फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी पाहतो तर थिजून अक्षरशः वडीसारखा झाला. सुरीने कापता येत होता. बिघडला का?

सुकेळी

बिघडला नाही, मापुसेकरभाऊ, उलट पूर्ण जमला. ते जिलेटिन आहे. तुझ्या पातेल्यात ते इतकं सुटलं म्हणून थिजला.

इथे तर मुद्दाम असा करतात. ‘डोब ग्लासे’ म्हणतात त्याला. मांसाचे तंतू मोकळे करून, चरबी काढलेल्या रश्श्यात मिसळून, साच्यात ओतून थंड करतात. ख्रिसमस आणि कार्निव्हलच्या दिवसांत त्याच्या चकत्या कुरकुरीत पावावर मोहरीबरोबर वाढतात. पूर्वी रस्सा दाट थिजावा म्हणून वासराचे नाहीतर डुकराचे पाय शिजवायचे. आजींच्या घरात तो साचा त्यांच्या आईचा आहे, तांब्याचा, आतून कल्हई केलेला.

एक काळजी मात्र घ्या सगळ्यांनी. एवढं मोठं पातेलं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवू नका. दोन उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी खदखदून गरम करा.

काल मी आजींना बाटली मसाल्याच्या डोबची वाटी नेऊन दिली, आणि पापडीच्याचं वाचून चार फुगिया. त्यांनी डोब आधी हुंगला, मग खाल्ला, मग फुगिया हातात फिरवून पाहत बसल्या. कुठल्या पिठाची, नारळ कुठे घालता, आंबवता कशाने, सगळं विचारलं. लिहूनही घेतलं, टेलिफोनच्या वहीत. येत्या शनिवारी त्यांच्याकडे करणार आहोत. फुगिया मी तळायच्या, पीठ त्या मळणार. पापडीचा, तुझ्या आईचं एक किलो मैद्याचं प्रमाण विचारून सांगशील का? माझ्या बऱ्याचशा फुगल्याच नाहीत.

पापडीचा

आई ओट्यापाशीच आहे. म्हणते, प्रमाण सांगते, पण पीठ किती वेळ ठेवलं होतंस ते आधी विचार.

सुकेळी

दीड तास. इथे सध्या थंडी आहे.

पापडीचा

म्हणते, मग तेच. थंडीत चार तास, उबेला ठेवून, दुप्पट होईपर्यंत. आणि तळताना तेल वरून चमच्याने उडवत राहायचं.